केशवची फुंक

चंद्रभान : हा माहा माउथऑर्गन नाही.

भागीरथा : नाही. केशवभाऊजींचा होय. सकाळी देऊन गेले.

चंद्रभान : मी हिंगण्याले ड्यूटीवर, अन् केशव माह्या घरी?

भागीरथा : तुमच्याच ऑर्केस्ट्रातले हायेत. तुमीच त्याइले सांगतलं ना, बायको बाजाच्या पेट्या दुरुस्त करनाऱ्याची पोरगी हाये म्हनून.

चंद्रभान : मजाक केला होता मी.

भागीरथा : त्याइले मजाक नाही वाटला. चौथ्या भोकातला सूर उशिरा उठे. आतली पितळी पत्ती लय वर उचलली होती. टाचनीनं जराशी खाली घेतली. कागद सरकन एवढीच फट ठेवली.

चंद्रभान : दे इकडं, पाहू. ...हट्! हा तं अडकून राहिला. बिघडवला तू.

भागीरथा : बिघडला नाही. तुमी जोरानं फुकता. भाऊजींची फुंक नरम हाये, तिच्या बेतानं बसवला.

चंद्रभान : त्याची फुंक नरम हाये, हे तुले कसं मालूम?

भागीरथा : वाजवाले लावलं. आयकल्याबिगर पत्ती कशी बसवू?

चंद्रभान : कितीक वेळ आयकलं?

भागीरथा : तो सूर उठेपर्यंत. मंग बाकीच्या पत्त्या साफ कराले ठेवून गेले. आत्याबाई इथंच गहू निवडत होत्या, विचारा त्याइले.

चंद्रभान : मी माह्या आयेले नाही, तुले विचारून राहिलो. लगन होऊन इतके वर्सं झाले. माहा बाजा आयकला कधी असा, जवळ बसून?

भागीरथा : एकडाव खोलाले मांगितला होता. जर्मनीचा हाये, हात नको लावू म्हने तुमी.

चंद्रभान : बुद्धजयंतीच्या प्रोग्रामात ऑर्केस्ट्राचे मास्तर आमच्या दोघातून एकालेच घेनार हायेत. अख्खी सीताबर्डी आयकाले येते. तुले मालूम तरी हाये?

भागीरथा : हाये. भाऊजींनी सांगतलं.

चंद्रभान : अजून काय काय सांगतलं त्यानं?

भागीरथा : काही नाही.

चंद्रभान : आयक वं. ते चौथी पत्ती अजून थोडी खाली घे. थोडीशीच.

भागीरथा : मंग सूर उठनारच नाही.

चंद्रभान : कोनाले समजते?

भागीरथा : मले समजते. भाऊजी येतीनच आता. चहा टाकते, मंग झाकन लावते.

(भागीरथा आत जाते. चंद्रभान ताटलीतली टाचणी उचलतो, चौथी पत्ती दाबतो आणि टाचणी होती तशी ठेवून देतो.)

केशव : वहिनी! चंद्रभान! हाये का कोनी? झाला का माहा बाजा?

भागीरथा : बसा भाऊजी. झाकनाचे स्क्रू तेवढे पिळते. ...घ्या.

केशव : वा वहिनी, वा! नुसता श्वास सोडला तरी बोलून राहिला! अन् हा चौथा... अरे. चौथा तं मुकाच झाला गा.

चंद्रभान : असं कसं?

केशव : मालूम नाही. सकाळी कसा मस्त उठला होता!

भागीरथा : आना इकडं. झाकन काढू द्या. ...पत्ती पार खाली बसली. माह्याच नखानं दबली असन. थांबा जरासे. ...हं. घ्या आता.

केशव : बोलला! चंद्रभान, नशीब घेऊन आला गा तू. घरातच कारीगर! तुहा बाजा तं याच्याहून सुरेख बोलत असन.

चंद्रभान : हो. बोलते.

केशव : चहा राहू द्या वहिनी, कन्हानची बस सुटन. येतो गा.

चंद्रभान : ...नख लागलं म्हनून काहून सांगतलं?

भागीरथा : मंग काय सांगू? माह्या नवऱ्यानं दाबली म्हनून?

चंद्रभान : तू आतून पाहून राहिली होती?

भागीरथा : पाहाचं काय त्यात? मी नीट बसवलेली पत्ती आपोआप खाली बसत नाही.

चंद्रभान : मले वाटलं...

भागीरथा : सकाळी तो सूर उठला ना, तं मले बाबाच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. लय दिवसानं. तुमी विचारत होते ना, काय झालं सकाळी? एवढंच झालं.

चंद्रभान : हा घे. माहा. खोल.

भागीरथा : ठेवा तिथं.

चंद्रभान : आता खोल ना. माह्या समोर. त्याचं तं चुटकीसरशी केलं तू.

भागीरथा : आज नाही. आज टाचनी हातात घ्यावं वाटत नाही मले.