खांबातला आवाज

२००७ सालचा वैशाख. याच देवळात, नरसिंह जयंतीच्या आदल्या दिवशी घडलेलं सांगते.

मंडळी, आधी एक विचारते. देव खांबातून आला, तो गोड गळ्यानं आला का? दरवर्षी मी इथं कीर्तनात डरकाळी फोडते आणि तुम्ही टाळ्या वाजवता. मग गुरवाच्या शर्वरीनं तोच आवाज लावला, तेव्हा तिच्यात राक्षस शिरला असं कसं म्हणालात?

शर्वरी कॉलेजात डेथ मेटल गायची. सुरुवातीला बेंबीपासून एकच हुंकार – उऽऽख! मग घसा तळाशी घासून गुरगुर, मध्येच किंकाळी. गाण्यात काय? सडलेलं मांस, आतडी, किडे. त्या गाण्यांची रीतच तशी. शब्द कुणालाच कळत नाहीत, म्हणून ही मुलं ते छापून वाटायची. गॅदरिंगला पहिल्या रांगेत देवस्थानचे अध्यक्ष तात्यासाहेब बसले होते. नदीकाठची डिस्टिलरी त्यांचीच. एक अक्षर कळलं नाही, तरी मान डोलावली. गावात कुजबूज झाली, तेव्हा कुठं चिडले.

देवळातच सभा भरवली. शर्वरीच्या वडिलांना म्हणाले, "ज्ञानू, पोरीनं माफी मागायची. नाहीतर पूजा सोड."

शर्वरीनं आबांकडं पाहिलं. चाळीस वर्षं गंध उगाळून त्यांची बोटं पिवळी झाली होती. माफी मागायचं तिनं ठरवलं. उठलीसुद्धा.

तात्यासाहेबांना तेवढ्यानं भागेना. "थांब. काय घाण बरळते ते लोकांना कळू दे. मास्तर, वाचा तो कागद."

पेठे मास्तरांनी चष्मा लावला. शाळेत कविता वाचायचे तसं, सावकाश, स्वच्छ वाचलं – "कल्ल्यांत काळी मळी. फुगून फुटलेली पोटं. आंधळे मासे काठाला. पाईप कुणाचा? पाईप कुणाचा? पाईप कुणाचा?"

मागून हौसा कोळीण म्हणाली, "इचारतीस काय बाय? ह्येंचाच."

"बंद करा," तात्यासाहेब म्हणाले.

"अजून दोन कडवी आहेत, साहेब. शेवटी नुसतं 'उख' लिहिलंय. तेही वाचू?"

कुणी हसलं नाही. तात्यासाहेब शर्वरीवर ओरडले, "माग माफी!"

तिनं पुन्हा आबांकडं पाहिलं. आबा एवढंच म्हणाले, "पोरी, तुझ्या आवाजात बोल."

आणि तिनं हुंकार दिला. घंटा थरथरली, कबुतरं उडाली. त्यात माफी नव्हती, हे शेंबड्या पोरालाही कळलं.

मग काय झालं? काही नाही! सगळ्यांना सगळं कळलं आणि सगळे घरी जाऊन जेवले. दुसऱ्या दिवशी पूजेला नवा माणूस होता. त्याच्या हातचा प्रसाद तुम्ही खाल्लात. दुसऱ्या ओळीत बसून मीही खाल्ला.

ज्ञानू गुरव तीन वर्षांनी थोरल्या लेकीच्या घरी, सांगलीत वारले. पेठे मास्तर या देवळाची पायरी पुन्हा चढले नाहीत. हौसानं जाळी विकली, आता ती बाजारात बर्फातले, परगावचे मासे विकते. शर्वरी पुण्यात ध्वनिमुद्रण करते, अजून गाते, गावी येत नाही. तात्यासाहेब वारले, तेव्हा मंत्र्यांसारखी अंत्ययात्रा निघाली. आत्ता ज्या कमानीखालून आलात, तिच्यावर त्यांचंच नाव आहे. पाईप फक्त अर्धा मैल खाली नेला.

आता दिवस मावळतो आहे. आख्यानात खांब फुटायची वेळ झाली. आज मी डरकाळी फोडणार नाही. मी थांबते. तुमच्यातलं कोण आवाज लावतं, बघू.