सिस्टरला मी काय सांगितलं

मी चाकूरच्या अंगाचा. लातूर उस्मानाबादेतून फुटून येगळा जिल्हा झाला त्या सुमाराला शाळेत होतो, शाळेत मन रमलं न्हाई, मग बोअरच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरायचं शिकलो. शेती थोरल्या भावाकडं, आण्णाकडं. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या दुष्काळात बोअर आटले, मोटार कोण भरून घेणार, म्हणून आण्णाचं बायपासचं ऑपरेशन झालं तवा दवाखान्यात राहायला मीच मोकळा.

ऑपरेशन चांगलं झालं म्हणले. वार्डात आणलं, लघवीची नळी काढली, अन् सिस्टर म्हणली काका, हे भांडं घ्या, लघवी झाली की मापून मला सांगायचं. पोरीच्या वयाची ती, तिला थोरल्या भावाची लघवी कशी सांगू, काय सांगू तुम्हाला, लाज वाटली. व्हायची थोडीशी, चहासारखी. मला त्यात काही वाटलंच न्हाई. त्या साली गावात समद्यांचीच तशी व्हायची, टँकर आला तर पाणी, घोट घोट पिऊन राहिलो होतो आम्ही. मी भांडं ओतून यायचो अन् तिनं विचारलं की म्हणायचो, होते की, भरपूर होते.

आण्णा मात्र पाणी पीतच होता. दवाखान्यातलं गार, फिल्टरचं. वैनी दिवसा यायची, पेले भरून द्यायची, म्हणायची पिऊ द्या, गावाकडं कुठलं असलं.

मग त्याचं तोंड सुजलं, पाय सुजले, दम लागला. रक्त तपासलं, डॉक्टर म्हणले किडनी काम करंना. डायलिसिसला नेलं. मला काही समजंना, ऑपरेशन हृदयाचं अन् बसली किडनी. वैनी विचारायची, भावजी, लघवी तर चांगली होत होती ना. मी हो म्हणून मान हलवायचो.

शेवटी डॉक्टरांना एकटं गाठून सांगितलं. ते म्हणले, असल्या मोठ्या ऑपरेशननंतर कधी कधी होतं असं, तुमच्यामुळं झालं असं न्हाई. पण आधी कळालं असतं तर पाणी तवाच आवरलं असतं. आता ह्यातलं कुठलं धरू? पयलं धरलं की झोप लागते, दुसरं धरलं की उठून बसतो.

हळूहळू लघवी वाढली, डायलिसिस सुटलं, घरी आलो. आण्णाला सांगायला जीभच उचलंना. परवा सांगितलं. तर म्हणला, तू सिस्टरला सांगायचास ते ऐकत होतो की मी, जागाच होतो. म्हणलं मग बोलला का न्हाईस. म्हणला, शेजारच्या खाटंवरच्याला लघवी कमी झाली तर त्याचं पाणी तोडलं होतं, वाटीनं देत होते. मला पाणी पाहिजे होतं.

मग म्हणला, हिला सांगू नको. पेले तिच्या हातचे होते.

म्हणून तुम्हाला सांगितलं. आण्णा बरा हाय, महादेव त्याला तसाच ठेवो. पण अजून मला कळंना, त्या पोरीला खरं सांगितलं असतं, तर त्याची तहान मला बघवली असती का.