वाटीवरची तारीख

माझं इंग्रजी फोनमधल्या बाईनं शिकवलंय, नंबर लागला नाही की बोलते ना, तिनं. पण गेल्या आठवड्यात तीच चुकली, की मी, ते अजून कळलेलं नाही.

सोमवारी कसब्यातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. तेराव्याला वाटायला एकवीस तांब्याच्या वाट्या हव्या होत्या. "नाव घाला, कै. वसंत गोखले यांच्या स्मरणार्थ. तारखेची जागा मोकळी ठेवा, फोन करून कळवतो." भाऊ गेला असेल, असं मी धरलं. आमच्या धंद्यात जास्त विचारत नाहीत.

फोन येईना. तांब्यावर कोरलेलं पुसता येत नाही, म्हणून अंदाजानं तारीख घालायची सोय नव्हती. बुधवारी मीच नंबर लावला. बाई म्हणाली, "नॉट रीचेबल." गुरुवारी, "स्विच्ड ऑफ." शुक्रवारी सकाळी, "डज नॉट एक्झिस्ट."

त्याच दुपारी त्या नंबरावरून फोन आला. "मंगळवारची तारीख घाला."

शनिवारी एक तरुण वाट्या न्यायला आला. कोरलेलं वाचून त्याचा चेहरा उतरला. "तारीख कुणी सांगितली?"

"तुमच्या काकांनी. काल फोन होता."

"मला काका नाहीत. वसंत गोखले माझे वडील. ऑर्डर तेच देऊन गेले आणि मंगळवारी वारले. त्यांचा नंबर मी शुक्रवारी सकाळीच बंद केला." मग हळूच विचारलं, "अजून काही म्हणाले?"

आता काय सांगणार? मी फोनवर तक्रार केली होती, "अहो, तीन दिवस लावतोय, लागतच नाही!"

ते म्हणाले होते, "इकडून लागायला जरा वेळ लागतो."