डोलीचा बांबू

मुरबाडच्या जुन्या भातगिरणीचं आता प्रसूतिगृह झालं होतं. तिथल्या बाकावर बसलेली प्रमिला शेजारच्या दोघींचं बोलणं ऐकत होती.

"रखमे, सून आत कळा देते, नि तू दरवाजा काय निरखतेस गो?"

"मीच रुंद कराय लावला तो! गिरणीचा दवाखाना होताना इथंच घमेली उचलत होते. इंजिनेर बोलला, स्ट्रेचर जातंय, बास. मी बोलले, सिद्धगडला गाडी जात नाय, बाई बांबूला चादर बांधून डोलीत येते. येवढा लांब बांबू वळंल का इथं?"

"हसला असंल!"

"हसला. मग मी बांबूच आणून धरला. अडकला! दुसऱ्याच दिवशी भिंत फोडली."

"नि आज तुझ्या सुनेची, दिपालीची डोली?"

"सरळ आत! कुठं टेकली पण नाय."

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. नर्स धावत बाहेर आली.

"आजीबाई, नात झाली! दोघी छान आहेत."

रखमाने बाहेर डोलीपाशी बसलेल्या मुलाला हाक मारली.

"भगीरथ, बाप झालास रे! डोलीची चादर सोड, बाळाला झोळी बांधायचीय!"