विलायती खत आणि रखमाजींचे अर्धे शेत

विलायती खताविषयी माझे मत विचारता, तर आधी नेकनूर गावची गोष्ट ऐका. एम.ए. होऊन मी निजाम सरकारच्या शेती खात्यात नुकताच लागलो होतो. जहाजाने आलेले ते पांढरे खत मी पेरणीच्या वेळी तिथले शेतकरी रखमाजी यांच्या अर्ध्या शेतात टाकले. उरलेले अर्धे तुलनेसाठी तसेच ठेवायला आधीच सांगितले होते. फरक दिसला, तरच तालुक्यासाठी आणखी पोती येणार होती, आणि बहुधा माझी नोकरीही त्यावरच अवलंबून होती.

ज्वारीची कणसे भरली तेव्हा तहसीलदार पाहणीला आले. दोन्ही भाग सारखेच तरारलेले!

मी विचारले, "रखमाजी, या अर्ध्यात काहीच टाकले नव्हते ना?"

"आसं कावून करीन, साहेब? एकाला जेवू घालायचं अन् दुसऱ्याला उपाशी ठेवायचं? पेरणीआधी तिकडं धनगराची मेंढरं बसवली. लेंडीखत लई चांगलं."

तहसीलदार माझ्याकडे वळले. "मग दोन्ही खतांत फरक काय?"

मी काळजीपूर्वक शब्द जुळवीत होतो, तेवढ्यात रखमाजीच माझ्या मदतीला धावले.

"फरक हाय की, हुजूर. ह्यांचं खत जहाजात बसून आलं. मेंढरं आपल्या पायानं आली."