पंप आता आपोआप चालतो

सांगू नये, पण सांगतो. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप नऊ वर्षं मी चालू-बंद करत होतो. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, “काका, पाणी चढवलंत का?”

मग तिसऱ्या मजल्यावरच्या नाडकर्ण्यांनी सुपारीच्या डबीएवढा कॉम्प्युटर आणला, तीन दिवस खपून त्यात सॉफ्टवेअर टाकलं आणि पंप आपोआप चालायला लागला. माझ्याच वयाचा माणूस! सोसायटीने त्यांना शाल दिली. मला नऊ वर्षांत कोणी हातरुमालही दिला नव्हता.

मी विचारलं, “आणि हे तुमचं यंत्र बंद पडलं तर?”

“तर तुमच्या मोबाईलवर मेसेज येईल, पंप हाताने सुरू करा म्हणून.”

महिना झाला, मेसेज नाही. शेवटी मीच वर जाऊन म्हटलं, “नाडकर्णी, मेसेज खरंच येतो, की नुसतंच आपलं सांगायला?”

“घरी जा, चाचणीचा पाठवतो.”

घरी पोचून बायकोला हे सांगतोय, तोच मोबाईल वाजला. मी पुन्हा चपला घातल्या.

“अहो, ती चाचणी आहे,” बायको म्हणाली.

“माहीत आहे,” म्हटलं आणि पंपाकडे निघालो.