हळद फोडायला बोलावलं न्हाई

काय सांगू भाऊ तुम्हाला, बोलायची सवयच न्हाई मला. आमचं गाव सेनगावच्या अलीकडं, बाप लहानपणीच गेला, मायनं लोकाच्या रानात निंदून खुरपून आमा दोघा भावांना मोठं केलं. दादानं शेती धरली, मी जीप धरली. सेनगाव-हिंगोली, सेनगाव-हिंगोली, सीट भरली की निघायचं. नंबरात गाडी लागली की सीट भरायला लई वेळ लागतो, मग चार ड्रायव्हर मिळून बसायचं, तिथं लागली दारू. कुणी पाजली म्हणत न्हाई, मीच पिलो.

मायचं सांगतो आता. सांगावंच लागन. दुपारी एकाएकी मायचं तोंड वाकडं झालं, दादानं फोनवर फोन लावले, जीप घेऊन ये म्हणून, अन् मी स्टँडवर जीपमधीच पडून होतो, फोन छातीवर वाजून राहिला अन् मी घोरून राहिलो. दादानं मायला ट्रॅक्टरवर घातलं. वाटेतच गेली. मी सांजच्याला घरी आलो, सगळे रडून राहिले, दादानं विचारलं, कुठं होतास रे, तर तोंडातून निघालं, पाटा तुटला होता जीपचा, चाकावरच्या स्प्रिंगचा. दादा माझ्याजवळ यायला लागला. तवा माझी घरची, सुमन, बायांतून उठली अन् म्हणाली, व्हय भावजी, पाटा तुटला, मी सोता पाहिला. तिनं पाटा कसा असतो ते बी पाहिलं न्हवतं. माझ्या तोंडाचा वास तिलाच पहिल्यांदा आला होता.

त्यानंतर तर जास्तच पीत गेलो. शेवटी हिंगोलीचा डॉक्टर म्हणाला, गोळ्यानं सुटत न्हाई हे, दर गुरुवारी एका शाळेच्या खोलीत दारू सोडलेले लोक बसतात, तिथं जा. आता विचारायचं कुणाला? हिंगोलीत पानटपरीवाल्यापासून हमालापर्यंत सगळे मला ओळखतात, दारू सोडणाऱ्याची बैठक कुठंय म्हणलं की सांजच्याला गावात बोंब. म्हणून मी म्हणलं, ती गुरुवारची बैठक कुठंय हो? तर एकानं बराबर भजनात नेऊन बसवलं. दीड घंटा टाळ वाजवले भाऊ मी, उठायची लाज. शिऱ्याचा द्रोण घेऊन बाहेर आलो तर पुढ्यात सुदाम. जुना ड्रायव्हर, माझ्यासंगंच पिणारा, मधी एकाएकी सोडलेला. माझ्या हातातला द्रोण पाहून हसला, म्हणाला, गड्या, चुकीच्या देवाकडं गेलास, आपला देव मागच्या गल्लीत बसतो. हात धरून घेऊन गेला.

तिथं सतरंजीवर पाच-सहा माणसं, चहाची किटली. उठताना सगळे मिळून म्हणतात, इथलं बोलणं इथंच ठेवायचं. त्या एका वाक्यावर मी जात राहिलो. दारू थांबली. अन् एका गुरुवारी मायचं बोललो. फोनचं, पाट्याचं, अन् सुमननं कशी साक्ष दिली ते बी. रडलो. लई हलकं वाटलं.

मग दादाच्या कावेरीचं लग्न निघालं. आम्हाला लेकरू न्हाई, कावेरी सुमनच्याच कडेवर वाढली. आमच्यात लग्नाआधी पाच सवाष्णी मुसळानं हळद फोडतात, त्यात चुलतीचा हात पहिला. सुमननं सकाळीच नवं लुगडं नेसलं अन् दारात बसली. बोलावणं आलंच न्हाई. भिंतीपल्याड दादाच्या घरी बाया गाणं म्हणायला लागल्या, मुसळ वाजायला लागलं. मी दादाच्या दारात गेलो तर म्हणाला, मायच्या मरणावर खोटं बोलणारी बाई माझ्या पोरीच्या हळदीला हात लावणार न्हाई. तुला तर मी काय बोलू?

बैठकीतलं माझं बोलणं सुदाम दादाला सांगून गेला होता. मी त्याला स्टँडवर गाठलं, गचांडी धरली. तो म्हणाला, अरे, पाप भाऊकीत बोललं की फिटतं, आपल्याकडं तसंच हाय ना, पोरीच्या लग्नाआधी तुमचं साफ व्हावं म्हणून गेलो मी. डोळ्यात पाणी होतं त्याच्या. खोटं बोलत न्हवता, म्हणूनच जास्त लागलं. दुश्मनानं सांगितलं असतं तर दोन ठेवून दिल्या असत्या.

घरी आलो, सुमनला म्हणलं, सुदामनं दगा दिला. ती आमच्या रानातली हळकुंडं घेऊन बसली होती, एकटीच मुसळ घालून राहिली होती, असं घालत होती की भिंतीपल्याडचं गाणं बंद पडलं. हात न थांबवता म्हणाली, सुदाम मागून आला. पहिलं तुमीच सांगितलं. तुमचं पाप तुमी बोलायचं होतं, माझं काहून बोलले?

मी जीप काढली. गुत्त्यापाशी उभी केली, चावी काढली बी. मग पुन्हा घातली अन् हिंगोलीला गेलो. गुरुवार न्हवता, शाळेला कुलूप होतं. पायरीवर बसून राहिलो कुलूप पाहत, अन् तसाच परत आलो.

आता बी जातो. सुदाम बी येतो, माझ्या हातचा चहा घेतो, मी देतो, बोलत न्हाई. माझी पाळी आली की माझ्यापुरतंच बोलतो, घरच्या माणसाचं नाव घेत न्हाई. सुमन त्या दिवसापासून कामापुरतंच बोलती. पण गुरुवारी दुपारी जीपची चावी उंबऱ्यावर आणून ठेवती, अन् आत जाती. फोडलेली हळद तिनं डब्यात भरून ठेवली, सैपाकाला घेत न्हाई, कुणाला देत बी न्हाई.

कावेरी सासरी सुखात राहो. तिनं चुलतीला एकदा काकी म्हणून हाक मारावी, बस. मला न्हाई मारली तरी चालन.